वेशीबाहेरचा शिपाई

२० ऑक्टोबर १९९६, सातारा

पोचले एकदाची! सांगलीहून निघताना मम्मीनं इतकं सामान बांधून दिलं की कंडक्टरनं विचारलं, ताई, घर हलवताय काय? म्हटलं, हलवतेच आहे. लग्नाला पाच महिने झाले, पण कॉलेजातली तात्पुरती नोकरी संपेपर्यंत मी माहेरी, विश्रामबागेत आणि नवरा इथं कारखान्यात. आजपासून मी खऱ्या अर्थानं रणवऱ्यांची सून. भडंगाचा मोठा डबा आणलाय, तो मात्र कपाटात लपवून ठेवलाय. संसार वेगळा आणि भडंग वेगळं.

घर मोठं, हवेशीर. मामंजी, म्हणजे सासरे, लालासाहेब रणवरे, निवृत्त सुभेदार. पहाटे पाचला उठून बुटाला पॉलिश करतात. जायचं कुठंच नसतं. सासूबाई मऊ स्वभावाच्या, बोलतात कमी आणि वाढतात जास्त. नवऱ्याबद्दल काय लिहू? वीरधवल असं भारदस्त नाव आणि झुरळाला घाबरतो.

२९ ऑक्टोबर

मला काम मिळालं! मामंजींचं गाव फलटणजवळचं धुमाळखडी. पुढच्या वर्षी स्वातंत्र्याला पन्नास वर्षं होतील, म्हणून गावात चौथरा बांधून लढाईवर गेलेल्यांची नावं कोरायची आहेत. बाकीच्यांची माहिती मिळाली, एकाची मिळेना. तो म्हणजे मामंजींच्या आजोबांचा थोरला भाऊ, अर्जुना सखाराम. १९१४च्या लढाईत गेला आणि गेलाच. तो पलटणीतला नव्हता, संस्थानच्या शिबंदीतला होता. शिबंदी म्हणजे खजिन्यावर पहारा देणारे, दरबारात भालदारासारखे उभे राहणारे स्थानिक शिपाई. त्यातले वीसेक जण इंग्रजांनी मागून घेतले आणि बसऱ्याला, म्हणजे आजच्या इराकात, धाडले. त्यामुळे सैन्याच्या कागदांत त्याचा पत्ता नाही.

मी एम.ए. इतिहास, मोडी वाचता येते. सुनेचा असा उपयोग होईल असं मामंजींना वाटलं नसावं. लय हुशार हाय आमची पोरगी, असं त्यांनी शेजारच्यांना सांगितलं. मी दिवसभर फुगून हिंडत होते.

७ नोव्हेंबर

सापडला! आठ दिवस दफ्तरखान्यात धूळ खाल्ली, नाकातून अजून काळं येतंय. शिबंदीचा हजेरीपट मिळाला. दर महिन्याला अर्जुना सखाराम, हजर. अर्जुना सखाराम, हजर. मग 'कुट गावी वेढ्यात' असा शेरा. तुर्कांनी पाच महिने वेढा घातला होता तेच हे कुट. मग 'बेपत्ता'. इथपर्यंत घरच्यांना ठाऊक होतं.

पण पुढचं बाड मीच उघडलं. १९१९ सालचं. त्यात लिहिलंय, अर्जुना सखाराम, तुर्कांच्या कैदेतून सुटका, बोटीने मुंबई, तेथून घरी रवाना. म्हणजे गडी मेलाच नव्हता की! रिक्षानं घरी आले, पायऱ्या दोन-दोन करत चढले आणि मामंजींना झेरॉक्स दाखवली. त्यांनी ती उलटी करून टेबलावर ठेवली. म्हणाले, धारातीर्थी पडला असं लिहून टाक आणि काम संपव. मी म्हटलं, मामंजी, धारातीर्थी पडलेला माणूस तीन वर्षांनी घरी रवाना होत नाही. ते उठून बुटाला पॉलिश करायला बसले. दुपारी चार वाजता.

१७ नोव्हेंबर

मी ऐकणारी नव्हेच. आज रविवार, वीरधवलला सुट्टी. त्याच्या मागं लागून गावी गेले. अर्जुनाची मुलगी रंगूबाई अजून जिवंत आहे हे मला परवा कळलं, तेही त्याच गावच्या पेपरवाल्याकडून! निघताना सासूबाईंनी बाजूला घेऊन विचारलं, तुझी पाळी वेळेवर आहे ना? आमच्या घरात पोटुशी बाई गावात नेत नाहीत, तशी पद्धतच नाही. पाच-सहा दिवस पुढं गेलीय खरी. पण माझं नेहमीच मागंपुढं होतं. म्हटलं, छे हो, काही नाही तसलं.

रंगूआत्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या. चुलत्याच्या घरी वाढल्या, नवरा गेल्यावर परत आल्या, गावाच्या टोकाला एकट्या राहतात. वीरधवल चौथरा बघायला गेला आणि त्यांनी मला सगळं सांगितलं. त्यांच्याच शब्दांत उतरवून ठेवते:

"आबा गेल्याचा कागुद आला. बारा वर्सं वाट बगायची असती, पर ह्यांनी बारा म्हयनं बी बगितली न्हाई. दर्भाचा पुतळा केला आन् जाळला. धाकट्या चुलत्यानं, नानासोनं, माझ्या आईसंगट मोहतूर लावला, पाट लावला म्हना. आईच्या कडंवर त्येचं पोर आलं. आन् मग आबा आला. पायाला पट्ट्या, हाडांचा सापळा. वेशीत हुबा ऱ्हायला. ज्येचं दिवस घातलं तो मान्सू तसाच घरात येत न्हाई बाय. त्येला परत जल्माला घालावा लागतो. पोटुशी बाईनं पदराखाली घ्यायचा, न्हाऊ घालायचं, कानात नाव सांगायचं. मंग तो जित्ता. आबा तीन दीस हात जोडून हुबा व्हता, कुनीतरी पदराखाली घ्या मला म्हनत. गावात पाच जनी पोटुश्या व्हत्या. नानासोनं समद्यास्नी कड्या लावायला लावल्या. घोडं खाऊन आलाय म्हनला, बाटलाय. पानी बी दिलं न्हाई. चवथ्या दिशी वेशीत कुनी नव्हतं."

दहा वर्षांची रंगू भिंतीच्या फटीतून बघत होती. ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नानासो म्हणजे मामंजींचेच आजोबा. असली कसली माणसं!

निघताना त्यांनी माझी ओटी भरली. तांदूळ, नारळ, हळकुंड. वर शिबंदीचा पितळी बिल्ला ठेवला, त्यांच्या वडलांचा. मग माझा पदर त्यावर ओढून घेतला आणि दोन्ही हातांनी बराच वेळ दाबून धरला. म्हाताऱ्या माणसांची माया वेगळीच असते.

३ डिसेंबर

दिवस गेलेत! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सहा आठवडे कधीच उलटून गेलेत. वीरधवलनं कंदी पेढे आणले आणि वाटायच्या आधी स्वतःच चार खाल्ले.

म्हणजे गावी गेले तेव्हा होतेच की मी पोटुशी. सासूबाईंनाही तेच सुचलं. बोटांवर दिवस मोजत होत्या, मधेच थांबल्या. विचारलं, म्हातारीनं ओटी भरली का? भरली म्हटलं. ओटीत काय होतं? बिल्ला दाखवला. त्या बिल्ल्याला हात न लावता देवापाशी दिवा लावायला गेल्या.

१४ जानेवारी १९९७

डोहाळे लागलेत, पण असले कुणाला लागतात का? चिंच नको, आंबा नको. कच्चे सातू हवेत. मुठीमुठीनं चावून खाते. गवताचा वास आला की तोंडाला पाणी सुटतं. हसण्यावारी नेत होते.

आज बाजारात जाताना वरातीची घोडी भाड्यानं देणाऱ्याचा तबेला लागला. माझे पाय तिथंच थांबले. घोडीच्या मांडीकडे मी बघत होते. किती वेळ, माहीत नाही. मालकानं विचारलं, काय पायजे ताई? तेव्हा कळलं की तोंडातली लाळ हनुवटीपर्यंत आली होती. शी! लिहितानाही कसंसंच होतंय. घरी येऊन तीनदा चूळ भरली.

२३ जानेवारी

वाचनालयातून त्या लढाईवरचं पुस्तक आणलं. कुटच्या वेढ्यात धान्य संपलं. शिपायांना सातूचं भरड मिळायचं. ते संपल्यावर गवत उकळून. शेवटी घोडी मारून खाल्ली.

हे मी आज वाचलं. डोहाळे लागून महिना झाला.

९ फेब्रुवारी

मामंजींना सरळ विचारलं. मला वाटलं होतं रागावतील. त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, आपली निम्मी जमीन त्या माणसाची हाय, पोरी. आमी तीन पिढ्या त्येच्या जिवावर जेवतोय. तो घरात येतो म्हनत आसंल तर यिऊ दे. त्येचंच घर हाय.

मी भांडले. सुनेनं सासऱ्याशी भांडू नये तेवढं भांडले. दार तुमच्या आज्यानं लावलं आणि त्याची भरपाई माझ्या बाळानं करायची होय? माझ्या पोटात एकच जागा आहे. तो आला तर माझं बाळ कुठं जाईल? ते चपला घालून बाहेर पडले. संध्याकाळी मात्र सातूची पिशवी घेऊन आले आणि सासूबाईंना म्हणाले, तिला काय लागंल ते द्या, डोहाळे मोडू नका.

वीरधवल म्हणतो, तुझ्या डोक्यात पुस्तकं भरलीत. बिल्ला त्यानंच मागच्या आठवड्यात नेऊन कृष्णेत टाकला. बरं वाटलं. चार दिवस.

६ एप्रिल

बाळ आता छान लाथा मारतं. चौथऱ्यावर कोरायची यादी पक्की करत होते. तेवीस नावं. मोठ्यानं वाचत होते. अठरावं नाव अर्जुनाचं. ते उच्चारलं आणि आतून अशी लाथ बसली की कागद हातातून पडला.

योगायोग म्हटलं. पुन्हा वाचली यादी. सतरा नावांना शांत. अठराव्याला लाथ. क्रम उलटा करून पाहिला. मधेच म्हटलं. कुजबुजून म्हटलं. मग नुसतं मनात म्हटलं.

मनात म्हटलं तरी.

२ मे, सांगली

डोहाळजेवण झालं आणि मी माहेरी आले. साताऱ्यातून सुटले! मम्मीला पाहिलं आणि लहान पोरीसारखी रडले. तिला सगळं सांगितलं. तिनं माझी दृष्ट काढली आणि रागानं म्हणाली, त्या घरातली माणसंच तसली आहेत, तुला घाबरवून सोडलंय. इथं कोण येतंय बघू.

सोनोग्राफी झाली. बाळ उत्तम आहे. एकच आहे. एकच आहे ना, असं मी डॉक्टरांना दोनदा विचारलं.

११ जून

मम्मी सहज म्हणाली, रोज दुपारी बारा वाजता गेटपाशी एक जण येतो. भाकरी देते म्हटलं तर घेत नाही. आत ये म्हटलं तर म्हणतो, आत्ताच न्हाई यायचं. अंगावरच्या फाटक्या खाकीवरून मम्मीला वाटलं, पोलिसातून काढून टाकलेला कुणी असेल बिचारा.

तो विचारतो काय? तर बाळंतपण कधी हाय.

त्याच्या पायात काय असतं, विचारलं. मम्मी म्हणाली, चप्पल नसते, पट्ट्या गुंडाळलेल्या असतात गुडघ्यापर्यंत.

१२ जून

बारा वाजता खिडकीत बसले. गेटवर कुणी नव्हतं. मम्मी मात्र पदराला हात पुसत बाहेर गेली आणि रिकाम्या रस्त्याशी बोलत उभी राहिली. हसून मान हलवत होती. बोटांवर मोजून त्याला काहीतरी सांगत होती.

माझी तारीख सांगत होती.

३ जुलै

जेवण जात नाही. गेटकडे बघत नाही. पण बारा वाजले की बाळ खाली सरकतं, त्या बाजूला.

मला माझं बाळ हवंय. दुसरं काही नको. अर्जुनाबद्दल वाईट वाटतं, खरंच वाटतं. पण ते माझं आहे. मी त्याला वाढवलंय, त्या गावानं नव्हे.

२२ जुलै, दवाखाना

मुलगी! काल सकाळी झाली. मुलगी आहे! मी नर्सला मिठी मारली. पुरुष कसा येईल मुलीत? उगीच नऊ महिने जीव टांगणीला लावला होता. गुलाबी आहे, जावळ दाट. मयूरी नाव ठेवणार. मम्मी म्हणते, गेटवरचा माणूस कालपासून आलाच नाही. गेला असेल बिचारा दुसऱ्या गावाला.

आज कितीतरी महिन्यांनी पोटभर वरणभात खाल्ला.

२६ जुलै

काल पाचवी पुजली. सटवाई बाळाचं नशीब लिहायला येते, म्हणून पाटावर कोरा कागद आणि पेन ठेवलं होतं. सगळे ठेवतात. कुणाच्याच कागदावर काही उमटत नाही.

सकाळी मम्मी कागद घेऊन आली. अगं, तू मोडीत काय लिहिलंस, म्हणून हसत विचारत होती.

अर्जुना सखाराम, हजर.

अक्षर माझं आहे. शाईही माझ्याच बोटांना आहे. मला लिहिल्याचं आठवत नाही. मला मोडी वाचता येते, लिहिता कधीच आली नाही.

२८ जुलै

ती रडत नाही. सगळे म्हणतात, किती गुणी बाळ. मुठी आवळत नाही, पाय दुमडत नाही. दोन्ही हात अंगाला चिकटवून ताठ पडून असते. सावधान उभं राहावं तशी.

दूध घेत नाही. सातूचं पाणी बोटानं लावलं, तर ते चाटलं. पहिल्यांदा डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. ओळखीचं नव्हतं ते बघणं. उपकार मानल्यासारखं होतं.

३० जुलै

अजून नाव पडलेलं नाही. रंगूआत्या म्हणाल्या होत्या, कानात नाव सांगितलं की मग जित्ता. म्हणजे तोवर पक्का नाही. तोवर माझी पोर आत कुठंतरी असेल. असेलच. बारसं परवा. अंकिता, माझी नणंद, आत्या म्हणून नाव सांगणार. फोन करून शपथ घातली. मयूरीच म्हणायचं, दुसरं काही तोंडावर आलं तर जीभ चाव. ती हसली. बाळंतिणीला असं होतं म्हणे.

वीरधवलला सांगितलं. तोही आता हसत नाही. पण बाळाला हातात घेत नाही.

१ ऑगस्ट, सकाळ

आले सगळे. मामंजींनी जीप करून रंगूआत्यांना आणलंय. कुणी बोलावलं त्यांना? मी नको म्हणत होते, नको —

त्या पाळण्यापाशी गेल्या. अठ्ठ्याऐंशी वर्षांची बाई बारा दिवसांच्या पोरीच्या पायांवर डोकं ठेवून रडली. आबा, म्हणाली. आलात न्हवं आत. बाईचा जलम मिळाला, मिळू दे. माझ्या डोळ्यांनी बगितलं, झालं.

आणि माझ्या मुलीनं तो इवलासा हात उचलला. म्हातारीच्या डोक्यावर ठेवला. लेकीच्या डोक्यावर ठेवतात तसा.

सगळ्यांनी पाहिलं. मामंजींनी सलाम केला. मम्मीसुद्धा डोळे पुसतेय. त्या सगळ्यांना तो हवाय. माझी पोर कुणालाच नको.

अकरा पन्नास

तिला घेऊन आतल्या खोलीत आले. कडी लावलीय. बाहेर बायका गोळा झाल्या आहेत. अंकिता हाका मारतेय, वहिनी, वेळ झाली.

नाही उघडणार. एकदा कड्या लावल्या होत्या ना त्यांनी? आता मी —

ती बघतेय. रडत नाही. नुसती बघतेय, हात जोडल्यासारखे —

नको बघूस तसं. मला कळतं. तुला पाणी दिलं नाही, मला माहीत आहे. पण माझी मुलगी — कुठं आहे ती — तिला पाठव, मग मी —

बारा वाजत आले. दार हलतंय. अंकिताच्या आधी मीच सांगते नाव. आई आहे मी, माझा हक्क पहिला. कानाशी तोंड नेलं तर जीभ वळेना. मयूरी म्हणायचंय, जीभ वळत नाहीये. मग लिहिते. लिहिलं की ठरलं, पुसता येणार नाही कुणाला. हात माझा आहे, माझाच आहे, मयूरी, मयूरी, मयूरी —

माझ्या मुलीचं नाव अर्जु